चालेल म्हणायचं नाही

माझ्या मुलीच्या डोहाळजेवणात मी जमिनीवर बसले आणि मला उठता आलं नाही, तिथून हे सगळं सुरू झालं.

सिद्धीचं घर न्यूझीलंडमध्ये जॉन्सनव्हिलला आहे. जून महिना होता, म्हणजे इथला हिवाळा. बाहेर वारा असा की पाहुण्यांना गाडीचं दार उघडायला दोन हात लागत होते. आत हीट पंप लावून आम्ही वीस-पंचवीस जण. फोटोसाठी सगळ्या बायका चटईवर बसल्या म्हणून मीही बसले. खाली जाताना धपकन गेले, पण गेले. फोटो झाला, बाकीच्या उठल्या, आणि मी तिथेच. एक गुडघा वाकवला की दुसरा अडायचा, आणि हात टेकायला सोफा लांब होता. शेवटी माझा नवरा रमण आणि जावई यशोधन यांनी दोन्हीकडून काखेत हात घालून मला भरलेल्या सिलिंडरसारखं उभं केलं. सगळे हसले, मीही हसले. सिद्धी मात्र हसली नाही.

चार दिवसांनी तिचा फोन आला.

"आई, आम्ही बेबी बाथ घेतलाय. स्टँडवाला. उभ्या उभ्या सगळं करता येतं. आमची मिडवाइफ दाखवणारे कसं करायचं ते. सो तू टेन्शन घेऊ नकोस हं. तू फक्त बसून बघ."

"चालेल," मी म्हटलं, आणि फोन ठेवून भांडी घासता घासता रडले.

बसून बघ! सिद्धी झाली तेव्हा पुण्यात माझ्या सासूबाईंनी तिला रोज पायावर घेऊन न्हाऊ घातलं होतं. पाटावर बसायचं, पाय समोर लांब सोडायचे, नडग्यांच्या मधल्या खळगीत बाळाला ठेवायचं, डोकं पावलांकडे. आधी तेल, मग कोमट पाणी, आणि सगळा वेळ तोंडानं काहीतरी बडबड. सासूबाई एरवी फारशा गोड बोलणाऱ्या नव्हत्या, पण त्या वीस मिनिटांत त्यांच्यासारखं प्रेमळ माणूस शोधून सापडलं नसतं. पुढे सिद्धी आठ वर्षांची असताना आम्ही न्यूझीलंडला आलो, बऱ्याच गोष्टी मागे राहिल्या, त्यांचं मला विशेष काही वाटलं नाही. पण सिद्धीचं बाळ माझ्या पायांवर न्हाणार, हे माझ्या मनात तीस वर्षं पक्कं होतं. कुणाला सांगितलं नव्हतं, कारण ही सांगायची गोष्ट आहे असंच कधी वाटलं नाही.

बाळ सप्टेंबरच्या मध्यावर येणार होतं. म्हणजे माझ्याकडे तेरा आठवडे होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गुडघे थोडे झिजलेत, पण खरी अडचण ताकदीची आहे; एखादा चांगला ट्रेनर बघा आणि मांड्या मजबूत करा. एकोणसाठाव्या वर्षी मी आयुष्यात पहिल्यांदा जिमची पायरी चढले.

आमच्या अप्पर हट गावातल्या त्या जिममध्ये मला जो पहिला ट्रेनर मिळाला त्याचं नाव कोडी. पोरगा गुणी होता, पण त्याला सगळंच 'ऑसम' वाटायचं. मी बूट घातले, ऑसम. मी पाणी प्यायले, ऑसम. एकदा मी मशीनवर उलटी बसले होते, तेही ऑसम. माझं गोल काय, असं त्यानं पहिल्या दिवशी विचारलं. 'बाळाला न्हाऊ घालणं' याला इंग्रजीत काय म्हणणार आणि म्हटलं तरी त्याला काय कळणार, म्हणून मी सांगितलं, "फिटनेस." त्यानं ते ॲपमध्ये घातलं. मग ते ॲप मला रोज जेवणाचे फोटो मागायला लागलं. तीन आठवड्यांत माझे दंड दुखायला लागले आणि गुडघे होते तिथेच राहिले.

सुनीता माझी जुनी मैत्रीण. ती म्हणाली, "अगं, आपला रणजित आहे ना! कोल्हापूरचा. स्टुडंट म्हणून आला होता, आता पर्सनल ट्रेनर झालाय. हीप्स ऑफ लोक, अगदी ढिगानं, त्याच्याकडे जातात. आपल्यातला आहे, तुला समजून घेईल."

रणजित खरोखरच चांगला मुलगा निघाला. पहिल्या दिवशी वाकून नमस्कार केला, माझ्या हातची थालीपीठं आवडीनं खाल्ली, आणि मला काकू म्हणायला लागला. घोटाळा तिथेच झाला. मी वजन उचलायला वाकले की म्हणायचा, "काकू, थांबा, मी देतो." व्यायाम झाला की वजन माझ्या हातातून काढून घेऊन जागेवर ठेवायचा. आणि जरा दम लागला की पळत जाऊन खुर्ची आणायचा. "बसा काकू. चालेल ना?"

"चालेल," मी म्हणायचे.

ज्या बाईला जमिनीवर बसायचंय तिला हा मुलगा आदरापोटी जमिनीजवळ फिरकूच देत नव्हता. मला हे कळत होतं, पण सांगणार कसं? तो इतकं प्रेमानं करत होता. आणि मी सांगितलं नाही म्हणून तोही तसंच करत राहिला. दर मंगळवारी आम्ही दोघं एकमेकांचा मान राखायचो आणि घरी जायचो. अशा रीतीनं आणखी दोन आठवडे गेले.

मी लायब्ररीत काम करते. परत आलेली पुस्तकं कप्प्यांत लावणं हे त्यातलं एक काम. जुलैच्या शेवटी एका दुपारी मी ट्रॉली घेऊन उभी होते आणि सगळ्यात खालच्या कप्प्यातलं एक पुस्तक बाकी होतं. एरवी मी खालची पुस्तकं वरच ठेवून द्यायचे आणि मग दुसरं कुणीतरी ती लावायचं. त्या दिवशी कुणी नव्हतं. मी कप्पा धरला, वाकले, पुस्तक सरकवलं आणि कशीबशी वर आले.

"श्वास का रोखून धरतेस?"

मागे एक बाई उभी होती. पन्नाशीची, रुंद खांद्यांची, करडे केस वर बांधलेले. पायात भर हिवाळ्यात जँडल्स, म्हणजे रबरी चपला. मी तिला ओळखत होते. बागकामाची पुस्तकं नेते आणि नेहमी उशिरा परत करते.

"किया ओरा. मी मेरे," ती म्हणाली. किया ओरा हा इथल्या मूळच्या माओरी लोकांचा नमस्कार, आणि हे हिंदीतलं मेरे नव्हे, त्यांच्यात मेरीला मेरे म्हणतात. "मी लोकांना ट्रेनिंग देते. माझ्या गॅरेजमध्ये. खाली जाताना तू श्वास रोखतेस आणि वर आल्यावर हसतेस. मी सहा महिने बघतेय."

मला रागच आला. सहा महिने बघतेय म्हणजे काय! पण घरी आल्यावर मी आरशासमोर वाकून पाहिलं. श्वास रोखत होते आणि वर आल्यावर हसतही होते.

मग मी तिच्याकडे गेलेच. तिचं गॅरेज म्हणजे खरंच गॅरेज होतं. एका बाजूला कुदळी, फावडी, दुसऱ्या बाजूला गाद्या आणि लाकडी खोकी. ॲप नाही, आरसा नाही. कोपऱ्यात एक पांढरा फळा तेवढा होता. तिनं विचारलं, "आज तुला काय करता येत नाही, जे करायचंय?"

"वेट लॉस," मी म्हटलं.

"वजन कमी झालं की काय करशील?"

मी हसले. तिनंही फार ताणलं नाही. एका उंच खोक्यावर बसून उठायला सांगितलं. कसं वाटलं? ओके. मग त्याहून बुटकं खोकं. कसं वाटलं? ओके. मग तिसरं, पाटापेक्षा थोडंसंच उंच. मी बसले, गुडघ्यातून कळ गेली, कशीतरी उठले आणि तोंडातून मराठीच निघालं, "चालेल."

"हे काय म्हणालीस?"

मी अर्थ सांगितला. म्हणजे ठीक आहे, हरकत नाही. शब्दशः, ते चालत जाईल. मेरेला हे फार आवडलं. पोट धरून हसली. मग एकदम गंभीर होऊन म्हणाली, "पण तू हे श्वास रोखून म्हणालीस. तू जेव्हा 'चालेल' म्हणतेस, तेव्हा तुला काय म्हणायचं असतं?"

मी विचार करायला लागले. चहात साखर विसरली तरी चालेल. रमणनं न विचारता सुट्टीचं ठिकाण ठरवलं तरी चालेल. रणजितची खुर्ची चालेल. सिद्धीचा स्टँडवाला टब चालेल.

"नाही," मी म्हटलं. "मला नाही म्हणायचं असतं."

आणि मग धरण फुटल्यासारखं मी तिला सगळं सांगितलं. जमिनीवर बसकण मारून, पाय लांब करून, टॉवेलची गुंडाळी बाळासारखी नडग्यांवर ठेवून दाखवलं. इंग्रजी कुठे अडलं तिथे हातांनी सांगितलं. मेरे माझ्यासमोर जमिनीवरच बसली होती. ती म्हणाली, "माझी आजी घरातल्या प्रत्येक बाळाचे पाय असेच चोळायची." मग तिनं एक प्रश्न विचारला. "अंघोळ झाली की बाळाला कोण घेतं?"

"मीच. घेऊन उठणार."

"तुझ्या सासूबाई घेऊन उठायच्या?"

मला पुण्यातल्या न्हाणीघराचं दार दिसलं. सासूबाई पाटावर, आणि मी दारात मऊ सुती पंचा दोन्ही हातांवर पसरून उभी. रोज. त्या 'घे' म्हणायच्या आणि मी घ्यायचे. त्या कधी बाळाला घेऊन उठल्याच नव्हत्या. ही कामगिरी पहिल्यापासून दोघींची होती, आणि मी मात्र ती एकटीनं पेलायची म्हणून रात्रंदिवस धास्तावले होते.

"बाळाला घेऊन उठायचं मी तुला शिकवणार नाही," मेरे म्हणाली. "एकटीनं बसायचं, आणि रिकाम्या हातांनी उठायचं. तेवढं आठ आठवड्यांत होईल." तिनं फळ्यावर इंग्रजी अक्षरांत 'चालेल' लिहिलं, त्यावर फुली मारली आणि मला बजावलं, "या गॅरेजमध्ये तीनच उत्तरं. हो, नाही, दुखतंय."

त्या दिवशी गॅरेजमधून बाहेर पडताना मला कळलं की आपला कोच आपल्याला सापडला. माझे पाय किती कमजोर आहेत हे कोडीलाही दिसलं होतं. मला ते कशासाठी हवेत, हे फक्त हिनं माझ्याकडून काढून घेतलं होतं.

आता रणजितला सांगायला हवं होतं. मी काय केलं? दोन आठवडे दोन्हीकडे गेले! मंगळवारी रणजित, बुधवार-शुक्रवार मेरे. मंगळवारी खुर्चीवर बसायचं, बुधवारी जमिनीवर. मेरेला कळलं तेव्हा तिनं नुसतं फळ्याकडे बोट दाखवलं.

पुढच्या मंगळवारी रणजित खुर्ची घेऊन आला. "बसा काकू."

"नाही," मी म्हटलं. माझं मलाच दचकायला झालं. "रणजित, तू फार चांगला आहेस. पण मला जमिनीवर बसायला शिकायचंय, आणि तू मला खाली वाकूच देत नाहीस. मी दुसरीकडे शिकतेय."

त्यानं खुर्ची परत भिंतीशी नेऊन ठेवली. मग म्हणाला, "खरं सांगू का काकू? मला कळत होतं तुम्हाला फ्लोअर वर्क पाहिजे ते. पण तुम्हाला खाली बसा म्हणायला जीभच रेटायची नाही. माझी आई दिसायची." आम्ही दोघंही हसलो, आणि खूप दिवसांनी मोकळे हसलो. थालीपीठं खायला तो अजून येतो.

ऑगस्ट असाच गेला. सकाळी दहिवर पडलेलं असायचं, गॅरेजमध्ये हिटर नसायचा, आणि मेरे एकेका आठवड्यानं खोकं बदलायची. आधी रांगतात तसं चार पायांवर यायचं, मग एक पाऊल पुढे ठेवायचं, त्याच मांडीवर हात दाबायचा, श्वास सोडायचा आणि उठायचं. श्वास सोडायचा, हे सर्वांत अवघड. पाय लांब करून बसताना पोटऱ्यांची शीर अशी ओढली जायची की मी सासूबाईंना मनातल्या मनात दंडवत घालायचे. सप्टेंबरच्या पहिल्या शुक्रवारी मी गॅरेजच्या फरशीवरून कशालाही न धरता उभी राहिले. मला वाटलं मेरे टाळ्या वाजवेल. ती इथल्या पद्धतीनं 'छान' म्हणाली, "स्वीट ॲज. पुन्हा."

लायब्ररीत मी खालच्या कप्प्यांतली पुस्तकं लावायला लागले. रमणनं आमच्या घरच्या गॅरेजमध्ये करवत चालवून एक पाट केला, सुताराच्या दृष्टीनं वाईट पण चारही पायांवर भक्कम. त्याला मी सगळं सांगितलं होतं. तो म्हणाला, "हे आधी का नाही बोललीस?" याचं उत्तर फळ्यावर होतं.

मुलगी झाली. गोरीगोमटी वगैरे काही नाही, लालबुंद आणि रागीट, अगदी माझ्यावर गेलेली. आम्ही जॉन्सनव्हिलला जाऊन राहिलो. पाट गाडीच्या डिकीत होता. सिद्धी आणि यशोधन स्टँडवाल्या टबात बाळाला न्हाऊ घालायचे, नीट, प्रेमानं, मिडवाइफनं दाखवलं होतं तसं. मी स्टुलावर बसून बघायचे. काय खोट काढणार? सिद्धी दमलेली होती, डोळ्यांखाली काळं आलं होतं. अशा वेळी आपला हट्ट कुठे चालवायचा, असं म्हणून मी गप्प राहायचे. "आई, टॉवेल तिकडे ठेवते, चालेल?" चालेल. तो शब्द पुन्हा येऊन बसला होता.

तिसऱ्या आठवड्यात मेरेचा फोन आला. "विचारलंस?"

"अजून नाही."

"पाय मी तयार करून दिले, विनया. तोंड तुझं तुलाच उघडावं लागेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी यशोधन टब भरायला निघाला तेव्हा मी म्हटलं, "थांब. सिद्धी, मला हिला माझ्या पायावर घेऊन अंघोळ घालायची आहे. खाली बसून. मला हे फार वर्षांपासून हवंय."

सिद्धीनं बाळाला जरा जवळ घेतलं. माझ्याकडे बघितलं, यशोधनकडे बघितलं. मग हसली. "चालेल," ती म्हणाली.

ती श्वास रोखून म्हणाली. हा शब्द हिनं माझ्याकडूनच घेतला होता. न्यूझीलंडमध्ये वाढली, निम्मं बोलणं इंग्रजीत, पण हे बरोबर उचललं होतं.

"चालेल नको," मी म्हटलं. "हो की नाही, ते सांग."

तिचे डोळे भरले. "आय ॲम स्केअर्ड, आई. तू त्या दिवशी उठू शकली नाहीस. मी बघत होते. बाळ हातात असताना तू पडलीस तर? मला तुला नाही पण म्हणवत नाही."

तिला आधी जवळ घ्यावं असं फार वाटलं. पण मी आधी पाट आणायला गेले. शॉवरच्या टाइल्सवर रबरी मॅट टाकली, त्यावर पाट ठेवला आणि रिकाम्या हातांनी बसले, पाय लांब केले. मग बाजूला वळले, चार पायांवर आले, पाऊल पुढे, हात मांडीवर, श्वास सोडला आणि उठले. सिद्धी दारात उभी होती. मी पुन्हा बसले, पुन्हा उठले. तिसऱ्यांदा तिनंच विचारलं, "हे कधी शिकलीस?"

"हिवाळाभर. आणि हे बघ, बाळाला घेऊन मी उठणारच नाहीये. तुझ्या आजीपण उठायच्या नाहीत. त्यांच्याकडून मी घ्यायचे, तू आता उभी आहेस तशीच दारात उभी राहून. माझ्याकडून तू घ्यायचंस. तू नसशील तर हे जमणार नाही."

मग तिनं नाक पुसलं. "हो," ती म्हणाली.

बाळाला माझ्या नडग्यांवर ठेवलं तेव्हा ती आधी रडली, मग कोमट पाणी पाठीवरून गेलं आणि गप्प झाली. माझ्या तोंडातून काय काय निघत होतं मला माहीत नाही. सासूबाईंची ती सगळी बडबड कुठून तरी जशीच्या तशी आली, आणि मी पाणी घालता घालता रडत होते, हेही मला उशिरा कळलं. दारात सिद्धी उभी होती, दोन्ही हातांवर पंचा पसरून.

"घे," मी म्हटलं. तिनं घेतलं.

मला उठवायला यशोधन पटकन पुढे आला.

"थांब," सिद्धी त्याला म्हणाली. "तिला उठू दे."

मी वळले, पाऊल पुढे ठेवलं, श्वास सोडला आणि उठले. सिद्धी बाळाला पंचात गुंडाळून माझ्याकडे बघत होती.

"दुखतंय?"

"डावा गुडघा. थोडासा," मी म्हटलं, कारण ते खरं होतं.

"मग उद्या टब?"

"नाही," मी म्हटलं.